कानातील मळ काढण्याची घरगुती साधने : कॅमेऱ्याचे कानकोरणे, थेंब आणि रबरी पिचकारी यांचा अनुभवाअंती अभिप्राय

कानातील मळ घरच्या घरी काढण्यासाठी आज तीन प्रकारची साधने सहज विकत मिळतात : मोबाइलवर चित्र दाखवणारे कॅमेऱ्याचे कानकोरणे, मळ मऊ करणारे थेंब आणि रबरी फुग्याची पिचकारी. बेळगावच्या आमच्या घरी ही तिन्ही साधने आणली गेली आणि वेगवेगळ्या वयाच्या माणसांसाठी वापरली गेली. त्यातून बनलेले मत जाहिरातींच्या अगदी उलट आहे. तिन्हींत महाग आणि सर्वांत आकर्षक असलेले कॅमेऱ्याचे कानकोरणे मळ काढण्याच्या कामी सर्वांत कमी उपयोगाचे ठरले. कानात काढण्यासारखे काही नाही हे दाखवून माणसाचा हात आवरायला लावणे, हाच त्याचा खरा उपयोग. मळ काढण्याचे काम केले ते शंभर रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या थेंबांनी.

ही खरेदी करण्याचे कारण घरातच होते. सासरे श्रवणयंत्र वापरतात, पुतण्या उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रांच्या आवाजामुळे दिवसभर कानात बोळे घालून काम करतो, आणि मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत खानापूरकडच्या आजोळी गेली की विहिरीतून बाहेर येत नाही. मळ साचण्यासाठी जी परिस्थिती लागते ती या तिघांच्या कानांत तयारच असते. श्रवणयंत्र आणि बोळे मळाची बाहेर येण्याची वाट अडवतात, तर पोहताना कानात शिरलेले पाणी आधीपासूनच्या मळाला फुगवते आणि काल नीट ऐकू येणारा कान आज एकाएकी बंद झाल्यासारखा वाटतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली मळाविषयीची आपली मार्गदर्शक सूचना सुधारून प्रसिद्ध केली. तिच्यानुसार त्रास होण्याइतका मळ साचण्याचे प्रमाण मुलांमध्ये साधारण दहांत एक, निरोगी प्रौढांत विसांत एक आणि वृद्धांत तिघांत एकाहूनही अधिक असते. म्हणजे बहुसंख्य प्रौढांच्या कानात काहीही करण्याची गरज नसते, आणि नेमके हेच लोक अशा साधनांचे सर्वांत उत्साही गिऱ्हाईक असतात.

साधनांकडे वळण्यापूर्वी कानाची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण कोणते साधन बरे आणि कोणते वाईट याचा निकाल तिथेच लागतो. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, असून केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त याच भागात असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो आणि हाडावर ताणून बसवलेली तिथली त्वचा इतकी पातळ असते की नुसता स्पर्श झाला तरी कळ येते. नळीची त्वचा कानाच्या पडद्याकडून बाहेरच्या दिशेने, साधारण नखे वाढतात त्या वेगाने, सतत सरकत असते आणि आपल्याबरोबर मळही बाहेर आणत असते. बोलताना आणि चावताना होणारी जबड्याची हालचाल तिला हातभार लावते. हा मळ किंचित आम्लधर्मी असतो, पाणी अडवतो आणि जिवाणू व बुरशी यांना आळा घालतो, त्यामुळे तो कचरा नसून कानाचे संरक्षण आहे. पडद्याजवळ मळाचा गोळा सापडला, तर तो तिथे तयार झालेला नसतो. बहुतेक वेळा कापसाच्या काडीने किंवा दुसऱ्या एखाद्या वस्तूने तो आत ढकललेला असतो.

आता कॅमेऱ्याच्या कानकोरण्याविषयी. पेनासारखा दांडा, टोकाला तीन-चार मिलिमीटर व्यासाचे भिंग, भोवती बारीक दिवे आणि त्यापुढे बसवायचे प्लॅस्टिकचे किंवा सिलिकॉनचे चमचे, असे त्याचे स्वरूप असते. आमचे नग हजार रुपयांच्या आतबाहेर ऑनलाइन मिळाले. दांडा स्वतःचे वायफाय सुरू करतो आणि मोबाइल त्याला जोडावा लागतो. तेवढ्या वेळात मोबाइलचे इंटरनेट बंद पडते हे माहीत नसल्यास माणूस गोंधळतो. अ‍ॅप पहिल्याच वेळी आपले ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागते. कान पाहण्यासाठी ठिकाण कशाला हवे, असा प्रश्न सासऱ्यांनी विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर अ‍ॅपमध्ये कुठेही नव्हते. सोबतचा माहितीचा कागद इंग्रजी आणि चिनी भाषेत होता. कानडी, मराठी, हिंदी यांपैकी एकाही भाषेत एक ओळही नव्हती. सीमाभागात घरातील मोठी माणसे यांपैकी दोन-तीन भाषा सहज वापरतात, पण इंग्रजीतील बारीक अक्षरांतल्या सूचना वाचत नाहीत. कानात घालायच्या वस्तूच्या बाबतीत ही उणीव साधी मानता येणार नाही.

चित्र मात्र खरोखर चांगले दिसते. केस, त्वचेचे पापुद्रे, मधाच्या रंगाचा मळ आणि नळी मोकळी असेल तर मोत्यासारखा करडा पडदा व त्यावर चमकणारा प्रकाशाचा तिकोनी कवडसा, हे सर्व स्पष्ट दिसते. पुतण्याने स्वतःच्या कानाचा पडदा पाहिला आणि रोज रात्री कापसाची काडी फिरवण्याची आपली सवय निरर्थक होती हे त्याला त्याच क्षणी कळले, कारण नळीत पुसण्यासारखे काहीच नव्हते. मी या साधनाला जे काही गुण देते ते यासाठी. तज्ज्ञाकडे जायला वेळ लागणार असेल, तर चित्र आधी पाठवता येते, हीसुद्धा सोय आहे. तरीही चित्र म्हणजे तपासणी नव्हे, हे डॉक्टर सांगतातच.

चमचा लावून मळ कोरायला गेले की अडचणी सुरू होतात. पहिली अडचण खोलीच्या अंदाजाची आहे. मोबाइलवरचे चित्र सपाट असते. चमचा मळाला टेकला आहे की अजून चार मिलिमीटर दूर आहे हे डोळ्यांना समजत नाही, आणि जिथे एकूण लांबीच अडीच सेंटिमीटर व कानाच्या पडद्याची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास आहे तिथे चार मिलिमीटर ही थोडी गोष्ट नाही. शिवाय चमचा भिंगाच्या पुढे असल्यामुळे भिंगाला नीट दिसेपर्यंत त्याचे टोक आणखी आत गेलेले असते. दुसरी अडचण दिशेची. दांडा हातात किंचित फिरला तरी चित्रातील वर-खाली बदलते. चित्र सरळ ठेवणारी यंत्रणा आत असल्याचा दावा खोक्यावर आहे, परंतु ती हाताच्या मागून येते आणि तेवढ्यात हात चुकीच्या बाजूला वळलेला असतो. तिसरी अडचण चमच्यांची. ते ढिले बसतात, आणि ओढताना चमचा निसटून कानातच राहण्याची भीती खरी आहे. कोरताना अनेकांना ठसका लागतो तो वेगळाच. नळीच्या त्वचेला व्हेगस या मज्जातंतूची एक शाखा पोचते आणि तिला डिवचले की खोकला येतो. भिंग आत असताना ठसका लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

चौथी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी विक्रेते बोलत नाहीत. मळाचे दोन प्रकार असतात, ओला चिकट आणि कोरडा पापुद्र्यांचा, आणि हा फरक आनुवंशिक असतो. २००६ साली जपानी संशोधकांनी एबीसीसी ११ नावाच्या जनुकातील एका लहानशा बदलाशी त्याचा संबंध दाखवून दिला. चीन, जपान, कोरिया येथील बहुसंख्य लोकांचा मळ कोरडा असतो आणि त्यामुळे चमच्याने कान कोरण्याची पद्धत तिकडे रुजली. कोरडा पापुद्रा चमच्यावर उचलला जातो. भारतात दोन्ही प्रकार आढळतात. आमच्या घरी सर्वांचाच मळ ओला आणि चिकट आहे. असा मळ चमच्याने उचलला जात नाही, नळीच्या भिंतीला फासला जातो आणि उरलेला आत सरकतो. भिंगालाही तोच लागतो, मग चित्र धुरकट होते, दांडा बाहेर काढून स्पिरिटने पुसावा लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सासऱ्यांच्या कानात हा प्रयोग मी लवकरच थांबवला. चमचे खोक्यात परत गेले. भिंग मात्र अजून वापरात आहे.

थेंबांचे काम याच्या अगदी उलट आहे. त्यात पाहण्यासारखे काही नाही, कौशल्य लागत नाही आणि फळ हळूहळू मिळते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मळासाठी मिळणाऱ्या अनेक थेंबांत टर्पेंटाइन तेल १५ टक्के, क्लोरब्युटॉल ५ टक्के, बेन्झोकेन २.७ टक्के आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन २ टक्के असे मिश्रण असते. टर्पेंटाइन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन मळ सुटा करतात, तर बेन्झोकेन बधिरता आणते. मला यातील बेन्झोकेन फारसे आवडत नाही, कारण दुखणे हा कानाचा धोक्याचा इशारा असतो आणि तो दाबला गेला की माणूस अधिक धीट होतो. वास उग्र आहे, आणि त्वचा नाजूक असेल तर जळजळ होते. तशी झाली तर थेंब तत्काळ बंद करावेत. औषधांच्या थेंबांऐवजी साधे ऑलिव्ह किंवा बदामाचे तेलही चालते. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा सल्ला असा आहे की तेलाचे दोन-तीन थेंब दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस घालावेत. पुढच्या सुमारे दोन आठवड्यांत मळ तुकड्यातुकड्यांनी आपोआप बाहेर येतो. निरनिराळ्या थेंबांची तुलना करणारा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोणताही एक प्रकार दुसऱ्यापेक्षा निश्चितपणे सरस ठरला नाही, इतकेच नव्हे तर साधे पाणी किंवा मिठाचे पाणी आणि महागडे थेंब यांतही स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही. दुकानात खोकी मांडून ठेवलेली असताना ही माहिती हाताशी असलेली बरी.

आम्ही सासऱ्यांसाठी बदामाचे तेल आणि पुतण्यासाठी, त्याचा एक कान पुढे खरोखरच भरला तेव्हा, औषधी थेंब वापरले. कुशीवर झोपायचे, प्रौढांच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची (लहान मुलांची खाली आणि मागे), थेंब घालायचे आणि पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहायचे, इतकाच विधी आहे. बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी. सुरुवातीला ऐकू येणे आणखी कमी होऊ शकते, कारण मळ फुगतो. सासऱ्यांना तसे झाले आणि ते काही काळ आमच्यावर नाराजही होते. नंतर उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग दिसू लागले आणि श्रवणयंत्राची शिट्टी थांबली. मळाने वाट अडली की आवाज परत फिरतो आणि यंत्र शिट्टी वाजवते, हे ज्यांच्या घरी श्रवणयंत्र आहे त्यांनी लक्षात ठेवावे. थेंब कानात असताना यंत्र मात्र घालू नये.

रबरी पिचकारीविषयी माझे मत सावध आहे. थेंबांनी मऊ झालेला मळ बाहेर येत नसेल तरच ती हातात घ्यावी. पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे ३७ अंश सेल्सियसच्या जवळपास असले पाहिजे. थंड किंवा अधिक गरम पाणी पडद्यापलीकडच्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला चाळवते आणि माणसाला गरगरते. ऑस्ट्रियाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी याच परिणामाचा अभ्यास करून आतल्या कानाची तपासणी करण्याची पद्धत घडवली आणि तोलाच्या इंद्रियाविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले; घरच्या बेसिनपाशी त्याची प्रचिती घेण्याचे कारण नाही. पिचकारीचे टोक कानाच्या तोंडाशीच धरावे, तोंड पूर्ण बंद करू नये, म्हणजे पाण्याला परतायला वाट राहते. धार पडद्यावर नव्हे, तर नळीच्या वरच्या आणि मागच्या भिंतीवर, हलक्या हाताने सोडावी. आमच्या पिचकारीचे रबर नवे असताना इतके कडक होते की दाबाचा अंदाज येत नव्हता, म्हणून तिचा सराव आधी वाटीतल्या पाण्यावर केला. ब्रिटनमधील २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनेत तर हाताने चालवायची जुनी पिचकारी दवाखान्यातही वापरू नये असे सांगितले आहे, आणि त्यामागे दाबावर ताबा राहत नाही हेच कारण आहे. वापरानंतर कान कोरडा होणे महत्त्वाचे. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे ओला राहिलेला कान बुरशीला आमंत्रण देतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे पिचकारी कपाटातच असते.

ज्या वस्तू आम्ही घेतल्या नाहीत त्यांविषयी थोडे. कापसाच्या काड्यांपैकी प्लॅस्टिकच्या दांडीच्या काड्यांवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि त्यांच्या जागी कागदाच्या व बांबूच्या काड्या आल्या आहेत. पर्यावरणाचे भले झाले असेल, कानाचे नाही. काडी बाहेरच्या पाळीच्या घड्या पुसण्यापुरती ठीक. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी सूचनेत कानात घालू नयेत अशा वस्तूंच्या यादीत कापसाच्या काड्यांबरोबर केसांच्या पिना, गाडीच्या किल्ल्या आणि टूथपिक यांचा समावेश आहे, आणि एस. टी. किंवा रिक्षाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांचे निरीक्षण केल्यास ही यादी अमेरिकेपुरती नाही हे कळते. कानात जळती मेणबत्ती लावून मळ ओढण्याचा प्रकार सपशेल निरुपयोगी असून त्याने भाजते. लसूण घालून कडकडीत तापवलेले तेल हा आपल्या घराघरांतील उपाय आहे आणि तो सुचवणाऱ्या आजींचा हेतू चांगलाच असतो. परंतु तेल किती निवले आहे याचा अंदाज बोटाला येतो, पडद्याला येत नाही. यात्रांमध्ये आणि आठवडी बाजारांत कान साफ करून देणारे कारागीर अजूनही भेटतात. त्यांचा हात कितीही सफाईदार असला तरी तीच सळई एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाते.

काही कानांना यांपैकी कोणतेही साधन लावू नये. पडद्याला भोक असल्याचे माहीत असेल किंवा तशी शंका असेल, पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, कान वाहत असेल, दुखत असेल, ताप किंवा चक्कर असेल, अथवा दोहोंपैकी एकाच कानाने ऐकू येत असेल, तर सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी घरी पाण्याची पिचकारी वापरूच नये. त्यांच्या कानात संसर्ग झाला तर तो हाडापर्यंत पोचू शकतो. मळ नसताना अचानक ऐकू येणे कमी झाले, तर ती तातडीची बाब समजावी, कारण आतल्या नसेचा विकार असल्यास उपचाराला उशीर परवडत नाही. इथे कॅमेरा पुन्हा उपयोगी पडतो : नळी मोकळी दिसते आणि ऐकू मात्र येत नाही, असे असेल तर थेंबांत दिवस घालवू नयेत. बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, आणि नेहरूनगरातील केएलईच्या रुग्णालयात हा विभाग आहे. निपाणी-चिकोडीकडील अनेकजण कोल्हापूर जवळ पडते म्हणून तिकडे जातात. तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहत शोषनळीने मळ काढतात, त्यांना खोली दिसते आणि काम बहुधा काही मिनिटांत होते.

कॅमेऱ्याचे कानकोरणे घ्यायचेच असेल तर ज्यांच्या घरी श्रवणयंत्र वापरणारे कोणी आहे त्यांनी, केवळ पाहण्यासाठी, आणि आत किती जायचे ते रोखणारी कडी असलेले घ्यावे. चमचे वेगळे काढून मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. थेंब घेताना दुकानदाराला नुसते 'कानाचे थेंब द्या' असे सांगू नये. तसे म्हटल्यास प्रतिजैविकाचे, स्टेरॉइडचे किंवा बुरशीवरचे थेंब हातात पडण्याची शक्यता असते, आणि खोक्यावर कानाचे चित्र असल्यामुळे घरी आल्यावरही फरक लक्षात येत नाही. 'मळ मऊ करणारे' असे स्पष्ट सांगावे, खोक्यावरील घटक वाचून पाहावेत, मुदत तपासावी आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरात टाकून द्यायच्या असतात.